मानाची जागा

माणसाला कशाची लाज वाटेल याला काही धरबंध नाही. सैकालला भिंतीची लाज वाटत होती. थंडीच्या तोंडावर जमीन हलली तेव्हा खिंडीवरच्या तिच्या घराचं फारसं काही बिघडलं नाही. दोन ताटल्या फुटल्या आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या भिंतीला गुडघ्यापासून आढ्यापर्यंत भेग पडली. खालच्या गावातला गवंडी म्हणाला, मेंढ्या उतरल्या की येतो. मग म्हणाला, बटाटे निघाले की येतो. मग बर्फ पडलं. सैकालनं भेगेत चिखल लिंपला आणि त्यावर आईनं लग्नात दिलेला लाल मखमलीचा भरतकामाचा पडदा ताणून टांगला. झाकली मूठ सव्वा लाखाची. खिंडीवरचं एकुलतं एक घर, त्यातली ती मानाची खोली, आणि पाहुण्यानं डोळे उघडले की समोर भेग दिसावी, हे तिला मरणाहून वाईट वाटत होतं.

त्याच भिंतीच्या पोटातून भट्टीचा धूर जायचा. भट्टी पुढच्या मोठ्या खोलीत. धूर भिंतीत नागमोडी फिरून दोन्ही खोल्या तापवायचा आणि धुराड्यातून वर निघून जायचा. वरच्या टोकाला लोखंडी झडप होती. निखाऱ्यांवरची निळी ज्योत विझली की झडप ओढून बंद करायची, म्हणजे ऊब रात्रभर टिकते. ज्योत असताना ओढली तर कोळशाची विषारी वाफ घरात शिरते. तिला रंग नाही, वास नाही, आणि दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातून ती झोपलेलं घरच्या घर उचलून नेते. हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सैकाल तर चाळीस हिवाळे ती झडप ओढत आली होती. आपल्या हाताबद्दल तिला शंका नव्हती, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

मंगळवारी दुपारी कुबातची व्हॅन खिंडीवर चढली आणि तासाभरात दोन्ही उतारांवर बर्फाचे कडे कोसळले. टेलिफोनचा खांब आडवा झाला. व्हॅनमध्ये चार प्रवासी होते. सर्वांत थोर इसाबेक आक्साकाल, पांढऱ्या दाढीचे वडीलधारे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, नातवासाठी मुलगी बघायला निघालेले. त्यानंतर मेंढ्यांचा व्यापारी सादिर, ज्याला धाकटे मानानं सादिर-आके म्हणत, साठी ओलांडलेला, पोट पुढे आणि आवाज पोटाच्याही पुढे. मग नुरदीन मास्तर, पन्नाशीचे, शाळेत इतिहास शिकवणारे. त्यांच्या पिशवीत तीन पुस्तकं होती आणि तिन्ही खुनांची. चौथा तिलेक, चाळिशीचा गुरांचा डॉक्टर, औषधांची कातडी पेटी मांडीवर घेऊन गप्प बसणारा. कुबात स्वतः तिशीचा, दोन लेकींचा बाप, रस्ता बंद झाला की आधी देवाला आणि मग सरकारला शिव्या देणारा.

सैकालनं मेंढा कापला. आक्साकालनी हात पसरून दुआ केली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मांस वयाप्रमाणे वाटलं गेलं: मुंडकं आक्साकालना, मांडीचं हाड सादिरला, असं उतरत उतरत. बसायच्या जागाही तशाच, दारापासून सर्वांत लांबची सर्वांत मोठ्याला. ही उतरंड कुणी मांडावी लागत नाही. पाणी जसं उताराकडे जातं तशी माणसं तिथं आपापल्या जागी जाऊन बसतात.

"डॉक्टर," सादिर हाड चोखत म्हणाला, "माझ्या चाळीस मेंढ्या तू खोकल्यापायी अडवल्यास. आता मी खोकलो तर मलाही बाजारात जाऊ द्यायचा नाहीस काय?"

"तुम्ही खुशाल जा, सादिर-आके," तिलेक म्हणाला. "तुम्हाला विकत कोण घेतंय?"

सगळे हसले. सादिर सर्वांत मोठ्यानं हसला, पण त्यानंतर त्यानं डॉक्टरला मीठ मागितलं नाही, कुबातला मागितलं.

नुरदीन मास्तरांनी चहाची वाटी खाली ठेवली. "बघा हं. आपण सहा जण, रस्ता बंद, फोन मुका. माझ्या पुस्तकांत पहिल्या प्रकरणात नेमकं असंच असतं. दुसऱ्या प्रकरणात एक जण कमी होतो."

"मास्तर, दुसरं प्रकरण उघडूच नका," आक्साकाल म्हणाले. "मला पहिल्यातच गोडी लागलीय." मग सैकालकडे वळून म्हणाले, "आपा, थोडं लोणी इकडे."

त्यांचे गुडघे ठणकत होते. तिलेकनं पेटीतून एक गोळी काढून दिली. मानाची खोली अर्थातच त्यांची. सैकालनं सात गाद्या एकावर एक घातल्या, लाल पडद्याला लागून डोकं येईल अशी उशी ठेवली, कारण भिंतीची ऊब तिथंच सर्वांत जास्त. बाहेर वारा धुराड्यातून ऊब ओढून नेत होता. निखाऱ्यांत तळाशी एखादी निळी ज्योत होती न होती. म्हाताऱ्याचे गुडघे तिच्या मनात होते. तिनं झडप जरा लवकर ओढली.

सकाळी आक्साकाल उठले नाहीत. गालांवर लाली होती, जणू रात्रभर लग्नात बसून आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षं, भरलं पोट, मऊ अंथरूण, झोपेतलं मरण. कुबात म्हणाला, असं मरण मिळत असेल तर मी आत्ताच सही करतो. त्यांनी म्हाताऱ्याला नीट धुतलं, गुंडाळलं, गोठ्यालगतच्या गवताच्या खोलीत ठेवलं. सैकाल दारात बसून रीतीप्रमाणे हेल काढून रडली. रीत म्हणून सुरू केलं आणि नंतर तिला खरंच रडू आलं, कारण त्यांनी लोणी फार मायेनं मागितलं होतं.

बुधवारी मानाची जागा सादिर-आकेची झाली. कुणी दे म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. सैकालनं चादरी बदलल्या. दुपारी तो तिथं आडवा झाला आणि तासाभरानं कपाळ धरून बाहेर आला.

"डॉक्टर, डोक्यात घोडे नाचतायत. दे काहीतरी. मेंढ्यांचं नको."

"माणसांचं आणि मेंढ्यांचं डोकं आतून सारखंच असतं," तिलेक म्हणाला आणि गोळी दिली.

"तुझ्याकडे बघून पटतं," सादिर म्हणाला. त्यानं पाण्याबरोबर गोळी गिळली. हे त्याचं शेवटचं बोलणं बाकीच्यांच्या लक्षात राहिलं. गुरुवारी सकाळी तोही तसाच सापडला. गाल लाल, तोंड किंचित उघडं, जणू अजून एक टोमणा बाकी होता.

एक मेला तर मरण, दोन मेले तर कारण. मोठ्या खोलीत चौघं जण भट्टीभोवती उभे राहिले आणि कुणी बसेना. नुरदीन मास्तरांच्या चेहऱ्यावर भीती होती हे खरं, पण तिच्याखाली आणखी काहीतरी चमकत होतं. पंचवीस वर्षं पुस्तकांत वाचलेलं आज त्यांच्या दारी चालत आलं होतं.

"दोघांनी मरायच्या आधी काय घेतलं?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं. "गोळी. कुणाच्या हातून? एकाच्याच. भांडण कुणाचं होतं? सादिर-आकेचं आणि याचंच. आक्साकाल बिचारे आधी का गेले? कारण पहिला म्हातारा गेला की कुणी संशय घेत नाही. तो नुसता सराव होता."

"मास्तर, ती डोकेदुखीची गोळी आहे," तिलेक म्हणाला. "ही घ्या. तुमच्यासमोर मी स्वतः खातो."

"खाशीलच की. पेटीत चांगल्याही गोळ्या असणार. विषाच्या गोळीला तू स्वतः हात लावशील होय?"

तिलेक खाली बसला. मग शांतपणे म्हणाला, "त्यांचे गाल बघितलेत? मेलेल्या माणसाचे गाल असे लाल होत नाहीत. ही कोळशाची वाफ आहे. काल सादिर-आकेचं डोकं दुखलं ते त्या खोलीत झोपून. मला कालच कळायला हवं होतं, कळलं नाही, ही चूक माझी. त्या भिंतीत कुठंतरी फट असणार." त्यानं मान वर केली. "आपा, आहे का?"

तिघांनी सैकालकडे बघितलं.

तिला तेव्हा काय झालं, ते तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. खोटं बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. पण चाळीस वर्षं तिच्या घरातून पाहुणा हसत गेला होता, चार खोऱ्यांत तिच्या भट्टीचं नाव होतं, आणि एक परका माणूस सगळ्यांदेखत तिला विचारत होता की तुझ्या घरात वाफ आहे का. हे म्हणजे बाईला विचारावं, तुझ्या भाकरीत विष आहे का. अंगात रक्त सळसळलं आणि जीभ आधी सुटली.

"माझ्या घरात वाफ नाही," ती म्हणाली. "माझ्या सासूच्या वेळेपासून नाही."

"ऐकलंस?" मास्तर म्हणाले.

तिलेक तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो तिच्या मदतीची वाट बघत होता, आणि ती भट्टीवरची किटली उगीचच सरळ करत राहिली.

त्याला घोड्याच्या दोरानं बांधलं. मास्तर म्हणाले, घरात ठेवायचा नाही. पुस्तकांत त्याला घरात ठेवतात आणि तिथूनच पुढची माणसं मरतात. त्याला व्हॅनमध्ये बसवून कुबातनं बाहेरून कुलूप घातलं. उणे तीस अंशांत दोन रजया त्याच्या अंगावर टाकल्या, त्या सैकालनं धावत नेऊन दिल्या होत्या. किल्ली कुबातच्या खिशात गेली.

परत येऊन ती थेट मानाच्या खोलीत गेली. सादिरला तोवर गवताच्या खोलीत आक्साकालशेजारी नेलं होतं, गाद्यांवर त्याच्या पाठीचा खळगा अजून तसाच होता. तिनं लाल पडद्याची खालची कड धरली आणि वर उचलली. चिखल सुकून गळून पडला होता. भेगेच्या दोन्ही अंगांना काजळी धरली होती, पडद्याच्या मागच्या अस्तरावर काळा पट्टा उमटला होता, अगदी उशीच्या उंचीला. तिथं तिनंच उशी ठेवली होती. दोन्ही रात्री तिनंच झडप ज्योत पुरती विझायच्या आत ओढली होती. खुनी कोण हे घरात फक्त तिला कळलं होतं.

ती तशीच बाहेर आली. "मास्तर, मी मारलं. मीच मारलं दोघांना. भिंतीला भेग आहे, मी झाकली होती. तिलेकला आत आणा."

कुबात दचकून उठला. मास्तर मात्र तिच्याकडे मोठ्या मायेनं बघत म्हणाले, "बसा, आपा."

"बसा काय? चला, दाखवते."

तिनं दाखवलं. कुबातनं काजळीवर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिला. मास्तरांनी चष्मा पुसून भेग पाहिली, पडदा पाहिला.

"भेग आहे. मी कुठं नाही म्हणतो?" ते म्हणाले. "जुन्या घरांना भेगा असतात, भेगांना काजळी असते. पण आपा, तासाभरापूर्वी तुम्ही आम्हा सगळ्यांसमोर सांगितलंत, वाफ नाही. आता सांगताय, आहे. मधल्या वेळात काय झालं? पाहुण्याला दोर बांधला गेला, एवढंच झालं."

"मी तेव्हा खोटं बोलले. लाजेपायी बोलले."

"नाही आपा. तुम्ही आत्ता खोटं बोलताय, आणि तुमच्या जागी माझी आई असती तर तीही हेच बोलली असती. माझ्या आजोबांनी घोडेचोराला घरात पाहुणा म्हणून ठेवलं होतं. लोक दारात आले तेव्हा म्हणाले, घोडा मी चोरला. पाहुण्याचं पाप यजमान अंगावर घेतोच. घ्यावंच. पण म्हणून आम्ही मान्य करावं असं थोडंच आहे?"

कुबातनं मान हलवली. त्याच्या आजीचीही तशीच एक गोष्ट होती. त्या मुलखात प्रत्येक घरात अशी एखादी गोष्ट असते आणि प्रत्येक जण ती छाती फुगवून सांगतो. सैकालनंही स्वतः कितीदा सांगितली होती. आता ती डोकं आपटून खरं सांगत होती, आणि जितकं जास्त रडून सांगावं तितका त्या दोघांचा आदर वाढत होता. मास्तरांनी तर तिचा हात हातात घेतला.

"कुबात, तू तरी," ती म्हणाली. "तुझ्या बोटाला काजळी लागलीय ना?"

"आपा, मला दोन लेकी आहेत," कुबात म्हणाला. "खरं काय ते मला कळत नाही. तो बाहेर आहे तोवर मी जिवंत आहे, एवढं कळतं."

मग मास्तरांना ती युक्ती सुचली. त्यांना ती न्यायाची वाटली हे वाईट. ते म्हणाले, "तसाही आता वयानं मीच मोठा. जागा माझीच आहे. दुपारचं जेवण झालं की मी तिथं झोपतो. सादिर-आकेही दुपारीच झोपले होते. झडप तुम्ही माझ्यासमोर बंद करा, जशी काल केली होतीत. औषध नाही, डॉक्टर नाही. मला काही झालं तर त्याला सोडा. मी धडधाकट उठलो तर मात्र आपा, पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"मास्तर, मराल."

"तर मग तुमचं खरं ठरेल," मास्तर हसून म्हणाले. भित्रा माणूस नव्हता तो. भित्रा असता तर बरं झालं असतं.

जेवण कुणाला गेलं नाही, मास्तरांना गेलं. त्यांनी कोळसा घालायला लावला, ज्योत निळी असतानाच झडप ओढायला सांगितली, तिच्या हातानं ती बंद होताना समोर उभं राहून बघितलं, आणि आत जाऊन लाल पडद्याखाली उशीवर डोकं टेकलं. कुबात रस्त्याच्या बाजूनं यंत्राचा आवाज येतो का ते ऐकायला टेकाडावर गेला.

सैकाल भट्टीपाशी एकटी उभी राहिली, झडपेच्या लोखंडी कडीवर हात ठेवून. आयुष्यभर तिनं पाहुण्यांसाठी इतकं काही केलं होतं, पण असं काम कुणी तिच्यावर टाकलं नव्हतं. झडप बंद राहिली तर मास्तर मरणार आणि तिलेक सुटणार. उघडली तर मास्तर उठणार आणि तिलेक रात्रभर त्या पत्र्यात गोठणार. दोघंही तिच्या छपराखाली आले होते, दोघांनीही तिचं मीठ खाल्लं होतं. तिनं मधला मार्ग शोधला. थोडंसंच डोकं दुखावं, सादिरसारखं, म्हणजे बाहेर येऊन कबूल करतील. पण वाफ काय चमच्यानं मोजून देता येते? तिनं किटली ठेवली. किटली उकळेपर्यंत बंद ठेवायची, पुढं नाही, असं तिनं ठरवलं. आतून मास्तरांचं घोरणं येत होतं. ती एकेक घोरणं मोजत होती. एक आलं, दुसरं आलं, मग बराच वेळ काहीच आलं नाही. किटली अजून नुसती सूं सूं करत होती. तिच्या हातानं तिला न विचारताच कडी खसकन परत ढकलून झडप उघडली. मग आत धावत जाऊन तिनं दार आणि छोटी खिडकी सताड उघडली.

मास्तर डोळे चोळत उठून बसले. "काय झालं आपा, गारठवता का मला?"

"डोकं कसं आहे? दुखतंय ना? खरं सांगा."

मास्तरांनी कपाळ दाबलं. त्यांच्या गालांवर लाली चढली होती. "जड आहे थोडं."

"बघा," सैकाल म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुबात, ये लवकर, मास्तरांचं डोकं जड झालंय."

"अहो, दुपारी झोपलं की माझं डोकं धरतंच," मास्तर म्हणाले. "माझ्या बायकोला विचारा. गेली वीस वर्षं. चहा घेतला की उतरतं." ते उठले, बाहेर आले, दोन वाट्या चहा घेतला आणि उतरलं. उघड्या खिडकीतून आलेल्या वाऱ्यानं उतरलं, पण श्रेय चहाला गेलं. तोवर कुबात टेकाडावरून धावत आला होता. "कुबात, मी कसा दिसतो?"

"नवरदेवासारखे," कुबात म्हणाला. खिंडीवर चढून आल्यापासून तो पहिल्यांदाच मोकळा श्वास घेत होता.

"झडप मी उघडली," सैकाल म्हणाली. "किटलीसुद्धा उकळू दिली नाही. तुम्ही मेला असतात."

मास्तरांनी कुबातकडे बघितलं आणि दोघांनी एकदमच माना खाली घातल्या, मोठ्या माणसाचं वेड बघून घालतात तशा. "आपा," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "आपलं ठरलं होतं."

दिवस कलू लागला होता. तिनं शालीआड गरम भाकरी आणि चहाचा थर्मास घेतला आणि व्हॅनकडे गेली. मास्तरांची पैज तिनं जेवणाआधीच येऊन काचेतून त्याला ओरडून सांगितली होती. काचेवर आतून श्वासाचं बर्फ साचलं होतं. तिलेकनं बांधलेल्या हातांच्या नखांनी पैशाएवढं भोक खरवडलं आणि एक डोळा तिथं लावला. दार उघडेना, खिडकी हलेना. शेवटी तिनं चाकाशेजारची लोखंडी पहार उचलली.

"फोडू नका, आपा," तो आतून म्हणाला. "जी काय ऊब आहे ती काचेमुळेच आहे. फोडलीत तर तासाभरात आटपेन. मास्तर उठले का?"

"उठले. चहा पीत बसलेत."

"झडप किती वेळ बंद होती?"

"किटलीला सूर लागेपर्यंत."

ती भोकातून दिसणाऱ्या त्या एका डोळ्याकडे बघत होती. शिवी दिली असती तर तिनं ती आशीर्वादासारखी घेतली असती.

"बरं केलंत," तो म्हणाला. "त्याहून जास्त नको होतं. त्यांना पण मुलं आहेत."

"तुला नाहीत?"

"आहे एक. सहावीत आहे." मग त्याचे दात वाजायला लागले, बोलणं तुटक झालं. "आपा, रस्ता उघडणारे उद्या दुपारपर्यंत येतील. मी जागा राहायचा प्रयत्न करतो. पण तुम्ही एक करा. मास्तर आज रात्री तिथंच झोपतील. मानाची जागा आहे, सोडणार नाहीत. झडप अजिबात बंद करू नका. रात्रभर उघडी. कबूल करा."

"सकाळी मी खोटं बोलले नसते तर," ती म्हणाली. भाकरी काचेतून आत जात नव्हती, थर्मास जात नव्हता. ती दोन्ही वस्तू हातांत घेऊन उभी होती.

"कबूल करा, आपा."

"कबूल," ती म्हणाली.

घरात आली तेव्हा कुबात दाराशी पहारा करत बसला होता. तिनं त्याच्या पायांशी बसून किल्ली मागितली. आईच्या वयाची बाई पायांशी बसली म्हणून तो रडायला लागला, पण खिशावरचा हात त्यानं काढला नाही. आतल्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला. "आपा, भिंत गार पडलीय हो. अजून थोडा कोळसा घाला की. आक्साकालना मिळाली तेवढी ऊब मला नको का? माझं वय कमी म्हणून?"

तिनं कोळसा घातला. ज्योत लाल झाली, मग निळी झाली, मग विझली. झडप तिनं तशीच उघडी ठेवली, कारण कबूल केलं होतं. मास्तर रात्रभर रजईत कुरकुरत जिवंत राहिले. घरातली सगळी ऊब धुराड्यातून वर गेली, व्हॅनच्या टपावरून वाऱ्याबरोबर वाहून गेली, आणि तिथं थांबली मात्र नाही. उजाडलं तेव्हा काचेतलं पैशाएवढं भोक बर्फानं बुजलं होतं आणि आतून ते कुणी खरवडत नव्हतं.